लाटणं, खुर्ची आणि पुढचं चाक

"पुढचं चाक वर आलं की खाली बघू नका," चारुशीला म्हणाली. "आणि काही वाटलंच तर सोडून द्या."

काय सोडून द्यायचं, ते तिनं सांगितलं नाही. मूठ, गाडी की लग्नाचा विचार, काहीही असू शकत होतं. मी मान डोलावली. हेल्मेट मला एक नंबर मोठं होतं, त्यामुळं मान डोलली आणि हेल्मेट जागेवरच राहिलं.

शिरवळच्या पुढं, आतल्या बाजूला, एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या पटांगणात हे चाललं होतं. पूर्वी जिथं उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, तिथं आता तिच्या कंपनीनं काँक्रीट घालून घेतलं होतं, आणि त्या काँक्रीटच्या एका टोकाला विजेच्या मोटारसायकलवर मी बसलो होतो. गाडीला इंजिन नाही, क्लच नाही, गिअर नाही, आवाज तर नाहीच. चालू आहे की बंद, ते फक्त एका हिरव्या दिव्यावरून कळायचं. दिवा लागलेला होता. माझ्या उजव्या मनगटाला एक दोरी बांधली होती. मी पडलो तर ती निसटून गाडी बंद व्हावी, म्हणून. मागं एक लोखंडी चौकट आणि तिला दोन छोटी चाकं जोडली होती, गाडी उलटी होऊन अंगावर येऊ नये, म्हणून. त्या चौकटीला ते लोक कुबडी म्हणत. एवढा बंदोबस्त बघून माझा उरलासुरला धीरही गेला, कारण इतका बंदोबस्त उगीच कोण करतं.

पलीकडं मोठ्या छत्रीखाली माझे सर्जेराव मामा बसले होते. मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा. होकार येणारच हे धरून त्यांनी तो वाटेत साताऱ्याला घेतला होता.

मी तिथं कसा पोचलो, ते सांगायला पाहिजे.

कराडला माझं चष्म्याचं दुकान आहे. नाव रणधीर थोरात. नाव वडिलांनी ठेवलं. ठेवताना मला विचारलं असतं तर मी दुसरं सुचवलं असतं. माझ्या भित्रेपणाला काही कारण नाही. लहानपणी विहिरीत पडलो, कुत्रं मागं लागलं, असलं काही झालं नाही. मी मुळातच घाबरट. घरात एक स्कूटर होती, आणि पाऊस पडून गेला की रस्ता वाळेपर्यंत मी ती हातानं ढकलत न्यायचो. कृष्णेच्या पुलावर वारा असला तर उतरून चालायचो. हे कुणाच्या लक्षात येत नसेल, असं मला खरंच वाटायचं.

चौतिशी आली तरी लग्न जमेना, तेव्हा मामांनी सगळं आपल्या हातात घेतलं. मामांचा स्वभाव असा, की समोरच्यानं म्हैस म्हटलं की हे गोठा सांगणार. मलकापुरातल्या निकम गुरुजींकडं ते माझ्यासाठी शब्द टाकायला गेले. गुरुजी म्हणाले, आमची चारुशीला मोटारसायकलच्या कंपनीत इंजिनीअर आहे. पोरं गाडी एका चाकावर उचलतात ना, व्हीली मारतात, तेव्हा गाडीनं स्वतःच तोल सांभाळावा, चाक वर किती जाऊ द्यायचं ते ठरवावं आणि अलगद खाली आणावं, अशी यंत्रणा ती बनवते. मामांना त्यातलं 'एका चाकावर' एवढंच कळलं. ते म्हणाले, आमचा रणधीर तर उठता बसता एका चाकावर असतो.

घरी येऊन हे त्यांनी मला अशा थाटात सांगितलं, की जणू गड मारून आले. मी डोक्याला हात लावला. मामा, मी स्कूटर ढकलत नेतो, म्हटलं. ते म्हणाले, पोरगी पुण्याकडं असती, तिला काय दिसतंय.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, तुम्ही व्हीली मारता असं कळलं. मला या रविवारीही काम आहे, तर तुम्हीच आमच्या मैदानावर याल का? भेटही होईल आणि माझं थोडं कामही होईल. 'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं होतं, शपथ. पण गुरुजींनी दिलेला तिचा फोटो मामांनी नेमका माझ्या नाकासमोर धरला होता. फोटोत ती हसत नव्हती. फोटो काढणाऱ्याकडं ती अशी बघत होती, की बाबा, झालं का तुझं. मला ती फार म्हणजे फारच आवडली. मी 'हो' म्हणून बसलो.

मग आठवडाभर मी सराव केला. गाडी नव्हती, आणि असती तरी बसलो नसतो. मोबाइलवर पडण्याचे व्हिडिओ बघून बघून मला एवढं कळलं, की चाक वर आलं की घाबरणारा माणूस मागं कलंडतो, जिवाच्या आकांतानं मूठ आवळतो, आणि आवळता आवळता आणखी पिळतो, म्हणजे रेस वाढवतो. तिथंच घात. म्हणजे आपण एकच करायचं, हात हलू द्यायचा नाही. तेव्हा दुकानातून आलो की मी स्वयंपाकघरातली खुर्ची मागच्या दोन पायांवर कलती करून बसायचो, उजव्या हातात आईचं लाटणं धरायचो, डोळे गच्च मिटायचो आणि मागं झुकायचो. लाटणं तसूभर जरी फिरलं तरी परत पहिल्यापासून.

आईनं एकदोनदा बघितलं. मग एका संध्याकाळी चपात्या खोळंबल्या तेव्हा शेजारी येऊन हळूच म्हणाली, बाळा, काही होतंय का तुला. मुलगी बघायला जायचंय, त्याची तयारी करतोय, म्हटलं. तिनं दुसऱ्या दिवशी बाजारातून आणखी एक लाटणं आणलं.

शनिवारपर्यंत माझा उजवा हात पार दगड झाला होता. बाकीचा मी होतो तसाच होतो.

मैदानावर आधी दस्तगीरभाईंनी गाडी चालवून दाखवली. दस्तगीर मुजावर मिरजेचे, कंपनीचे गाड्या तपासून बघणारे स्वार. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं काटकुळे. त्यांनी गाडी एका चाकावर उचलली आणि तशीच पटांगणाच्या त्या टोकापर्यंत नेली, वाटेत एका हातानं शर्टाची कॉलर नीट केली. मामा माझ्या कानात म्हणाले, बघून घे. मी बघून घेतलं आणि हेल्मेटचा पट्टा आणखी आवळला.

चारुशीलानं मला समजावून सांगितलं. गाडीत तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात चाक गुडघ्याएवढं उचलतं, दुसऱ्यात कमरेएवढं, तिसऱ्यात त्याहून वर. तुम्ही फक्त रेस द्यायची आणि हात स्थिर ठेवायचा, बाकीचं गाडी बघते. तिच्या हातात एक टॅब होता आणि त्यावरच्या, गाडी दुरून बंद करायच्या लाल बटणावर तिचा अंगठा सारखा होता. तेव्हा मला वाटलं, सवय असेल.

दिवा हिरवा होता. मी डोळे मिटले, मनात लाटणं आणलं आणि रेस दिली.

गाडी पुढं सुटली आणि माझ्या पुढचं जग हळूच वर उचललं गेलं. मी काहीही केलं नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. हात दगड होता तो दगडच राहिला. थोड्या वेळानं पुढचं चाक कुणीतरी खाली ठेवावं तसं खाली आलं. मी डोळे उघडले तेव्हा गाडी सरळ चालली होती आणि मामा छत्रीखालून उठून टाळ्या वाजवत होते.

माणसाच्या डोक्यात हवा किती लवकर जाते, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीवरून उतरताना माझी चालच बदलली होती. हेल्मेट काढून मी ते काखेत धरलं, दस्तगीरभाईंनी धरलं होतं तसं.

"भीती नाही वाटली?" चारुशीलानं विचारलं.

"छे," मी म्हणालो. "मजा आली."

मामांनी मिशीवर हात फिरवला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर देवधर साहेब होते, तिचे वरिष्ठ, त्यांनीही मान डोलावली. फक्त चारुशीलाचा चेहरा उतरला. मला वाटलं, उन्हामुळं असेल.

देवधर साहेब वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे तिला म्हणाले, की हे बघ, बाहेरचा माणूस, या गाडीवर पहिल्यांदा बसला आणि काहीही झालं नाही. तुझी शंका मी ऐकून घेतली, संधीही दिली. आता उद्या सकाळी मी मंजुरी देतो आणि गाडी बाजारात जाते. ती माझ्या मनगटाची दोरी सोडायला आली आणि गाठ सोडता सोडता, बहुतेक कुणाला तरी सांगायचंच होतं म्हणून, मला सांगू लागली.

शंका अशी होती. यंत्रणा तयार होत असताना दस्तगीरभाईंसारखे स्वार म्हणाले, आम्हाला कधी स्वतःच्या हातानं करायचं असेल तर गाडीनं मध्ये पडू नये. ते बरोबरच होतं. म्हणून असं ठरलं, की स्वारानं एकदम पूर्ण रेस दिली तर गाडीनं समजायचं, याला आपली मदत नको आहे, आणि बाजूला व्हायचं. पण घाबरलेला माणूसही नेमकं तेच करतो. मूठ पिळतो. म्हणजे ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच मदत ऐन वेळी निघून जाणार.

"साहेब म्हणतात, घाबरणारा माणूस असली गाडी घेतच नाही. घेणारा असला तर दाखव मला," ती म्हणाली. "दस्तगीरभाई घाबरत नाहीत. तुम्हीही घाबरत नाही. आणि विकायच्या गाडीला ही कुबडी नसणार. पहिला घाबरेल तो कुणाचा तरी मुलगा असेल."

गाठ सुटली. ती दोरी गुंडाळत निघून गेली.

मी तिथंच उभा राहिलो. मला सगळं कळलं होतं, कारण घाबरलेला हात काय करतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक. आठवडाभर मी लाटण्यावर दुसरं काय केलं होतं? पण खरं सांगतो, तोंड उघडवेना. उभ्या आयुष्यात मला न घाबरणाऱ्यांत कुणी मोजलं नव्हतं. दस्तगीरभाईंनी चहाचा कप देताना मला 'उस्ताद' म्हटलं होतं. समोर ती मुलगी होती, पलीकडं पेढे होते, आणि मी एकदा 'मी भित्रा आहे' म्हटलं की हे सगळं तिथंच संपणार होतं. मी चहा घेतला. 'कुणाचा तरी मुलगा' हे तिचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. आमच्या दुकानात कॉलेजची पोरं येतात, आई-बापाला बाहेर उभं करून फ्रेम निवडत बसतात. तीच सगळी डोळ्यांपुढं यायला लागली.

मी कप खाली ठेवला आणि छत्रीपाशी गेलो.

"साहेब, मी घाबरट आहे," मी म्हणालो.

मामा हसले. "गंमत करतोय, सायेब. लई गमत्या हाय आमचा."

"गंमत नाही, मामा." मग मी सगळं सांगून टाकलं. व्हीली मी जन्मात मारलेली नाही. स्कूटर ढकलत नेतो. डोळे मिटून बसलो होतो. आणि लाटणं, खुर्ची, आईनं आणलेलं दुसरं लाटणं, तेही सांगितलं. दस्तगीरभाई आधी खो खो हसले, मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मामा काँक्रीटकडं बघत होते. चारुशीला मात्र टक लावून माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं मला काही वाचता येईना.

देवधर साहेबांनी विश्वास ठेवला नाही. त्यांना वाटलं, हे तिनं मला पढवलंय. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, अहो, तुम्ही आत्ता माझ्या डोळ्यांदेखत गाडी उत्तम चालवलीत. तुम्हाला ती आवडलीय, तिच्यासाठी तुम्ही बोलताय, मला कळतं. पण असं सांगून होत नाही. खरंच घाबरत असाल तर परत बसा, मी बघतो.

म्हणजे मला पुन्हा बसायचं होतं, आणि या वेळी नीट घाबरायचं होतं.

आता गंमत बघा. जन्मभर जी गोष्ट मला न मागता मिळाली, ती नेमकी त्या वेळी येईना. खरं सांगून टाकल्यामुळं माझं मन इतकं हलकं झालं होतं, की मी गाडीवर बसलो, डोळे मिटले, रेस दिली आणि गाडी पहिल्यापेक्षाही सुरेख गेली. हात तर आठवड्याच्या सरावानं आपोआपच दगड झाला होता. खाली उतरलो तेव्हा देवधर साहेब घड्याळ बघत होते. दस्तगीरभाई म्हणाले, दुसरा टप्पा लावून बघू. मामांना तर आता काय झालं होतं कोण जाणे, पण भाच्यानं खरंच घाबरावं असं त्यांना मनापासून वाटायला लागलं असावं, कारण मी निघालो तसे ते कडेनं पळत आले आणि "साप, साप" म्हणून ओरडले. चाक कमरेएवढं उचललं गेलं आणि मी तसाच, दगड, पलीकडच्या टोकाला जाऊन उतरलो.

"घाबरा ना हो जरा," चारुशीला हळूच म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज रडवेला झाला होता.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. एक काम येत होतं आणि तेही जमत नव्हतं.

मग दस्तगीरभाई जवळ आले. त्यांनी माझ्या हेल्मेटची काच वर केली आणि माझे डोळे बघितले. "घरी सराव केला तेव्हा डोळे मिटलेलेच होते?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "मग हात तेवढ्यापुरताच शिकलाय. या वेळी उघडे ठेवा."

तिसरा टप्पा लावला. चारुशीलानं कुबडीचे नट स्वतः दोनदा तपासले, दोरी घट्ट केली आणि अंगठा त्या लाल बटणावर ठेवला. मी रेस दिली आणि डोळे उघडे ठेवले.

आधी काँक्रीट दिसत होतं. मग कारखान्याची भिंत दिसली. मग ते जुनं धुराडं हँडलच्या मागून खाली खाली जायला लागलं. जायला लागलं म्हणजे काय, बुडायलाच लागलं. मग नुसतं आभाळ. जमीन कुठं गेली ते कळेना. अंग मागं गेलं, आणि आठवडाभराचं लाटणं माझ्या हातात एका क्षणात फिरलं. मी मूठ पिळली. सगळी, शेवटपर्यंत. गाडी बाजूला झाली, तिनं मला माझ्यावर सोपवलं, आणि पुढचं चाक सरळ आभाळाकडं निघालं.

मी ओरडलो. माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात, आईला हाक मारतात. मी "मामा" म्हणून ओरडलो. मागं कुबडी काँक्रीटवर दाणकन आपटली, मी मागच्या मागं घसरत खाली आलो, दोरी निसटली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी दोन्ही पाय पसरून बसलेलो. कुल्ले सोलवटले होते, त्यापलीकडं काही नाही. मामा एका पायातली चप्पल वाटेतच टाकून माझ्याकडं धावत सुटले होते. चारुशीलाही धावत होती, पण माझ्याकडं नाही. ती लॅपटॉपकडं गेली.

माझं झालं ते झालं, पण हिचं काम झालं बहुतेक, एवढं मला तेवढ्यातही वाटलं.

देवधर साहेबांनी आधी लॅपटॉप बघितला. मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले. गाडी सुटली होती तरी माझा उजवा हात हवेत तसाच होता, मूठ आवळलेली आणि मनगट पिळलेलं. मी ती उघडायला बघत होतो आणि ती उघडत नव्हती. साहेब त्या हाताकडं बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणी शिकवून येत नाही," ते म्हणाले. मग चारुशीलाकडं वळून म्हणाले, की मंजुरी थांबवतो, आधी हे दुरुस्त कर. आणि जाताना त्यांनी मामांच्या खुर्चीवरचा पुडा उघडून एक पेढा तोंडात टाकला. मामांनी तो कुणालाही फोडू दिला नव्हता.

सगळे गाडीभोवती जमले तेव्हा ती माझ्या शेजारी काँक्रीटवर येऊन बसली. पाण्याची बाटली दिली. मी डाव्या हातानं प्यायलो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पुलावर वारा असला की तुम्ही स्कूटरवरून उतरता. बाबा चष्मा तुमच्याकडंच करतात. तेच म्हणाले, आख्ख्या कराडात इतका घाबरणारा माणूस दुसरा नाही. मी कधीची असा माणूस शोधत होते. पण घाबरणाऱ्याला गाडीवर बसवायची परवानगी साहेब देईनात. मग तुमचे मामा आले आणि म्हणाले, तुम्ही उठता बसता एका चाकावर असता. मी ते साहेबांना तसंच्या तसं सांगितलं."

मला राग आला. आठवडाभर जे झाकून ठेवण्यासाठी मी आईच्या चपात्या खोळंबून ठेवल्या, त्याच गोष्टीसाठी मला बोलावलं होतं. ते झाकायला मी शिकलो नसतो तर तिचं काम पहिल्याच फेरीत झालं असतं. मी तिला विचारलं, की पहिल्यांदा मी फुशारकी मारली तेव्हाच का नाही सांगितलंत सगळ्यांना. ती म्हणाली, पहिल्याच भेटीत माणसाला चारचौघांत घाबरट कसं म्हणायचं, ते तुम्हीच म्हणायला हवं होतं. मग म्हणाली, की खरं तर तुम्ही येणारच नाही असं वाटलं होतं.

पुढचा प्रश्न विचारताना मला गाडीवरच्यापेक्षा जास्त भीती वाटली. "म्हणजे ते बघण्याचं वगैरे, ते नुसतं कामापुरतं होतं?"

तिनं फोटोतल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"सकाळी होतं," ती म्हणाली.

मग ती उठली आणि मला उठवायला तिनं हात पुढं केला. माझी मूठ अजून उघडली नव्हती. तिनं ती मूठच धरली आणि मला ओढून उभं केलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. चारुशीला आता कराडहूनच काम करते, महिन्यातून एकदा कंपनीत जाते. गाडीच्या यंत्रणेत घाबरलेला हात ओळखायचा जो भाग नंतर बसवला, त्याला ते लोक आपसात 'रणधीर' म्हणतात. मूठ वेडीवाकडी पिळली गेली आणि गाडीनं मदत काढून न घेता उलट चाक खाली आणलं, की म्हणायचं, रणधीर लागला. घरी पाहुणे आले की ती हे हमखास सांगते, आणि मी "मामा" म्हणून ओरडलो तेही सांगते. मामा लग्नात माझी वरात त्याच गाडीवरून काढायला निघाले होते. मी घोडा पसंत केला आणि त्यालाही घाबरलो.

परवा दुकानात एक कॉलेजचा मुलगा आला, बरोबर त्याची आई. फुटलेला चष्मा त्यानं काउंटरवर ठेवला. एक काच गायब, एक काडी वाकडी. कसा फुटला विचारलं, तर आईनं दुसरीकडं तोंड फिरवलं आणि तोच सांगायला लागला. काका, ती विजेवरची बाइक आहे ना, मित्राची, तिच्यावर व्हीली मारत होतो. हात जरा जास्तच पिळला गेला. पण काही नाही, गाडीलाच कळतं, तिनं आपोआप चाक खाली घेतलं. त्या धक्क्यात चष्मा पडला आणि चाकाखाली गेला. नुसता चष्माच गेला, बाकी काही नाही.

"घाबरलास?" मी विचारलं.

"छे," तो म्हणाला. "मजा आली."

मी त्याला नंबर तपासायच्या खुर्चीवर बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली. त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला होता. हात सैल सोड, मग वाचायचं, म्हटलं. त्याची आई अजून उभीच होती. तिला मी बसायला खुर्ची दिली.